तळहातावरची नाणी

मावशी,

मी माहेरची नौपाड्याची. ठाण्यातल्या एका शाळेत बारा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. नवऱ्याला तुलूझला विमानांच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं फ्रान्सला गेलो. मुलगा सात वर्षांचा. अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं, शंभरात पंच्याण्णव होते. तिथे एका संस्थेच्या फ्रेंच वर्गाला आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास जाते. वहीत सगळं बरोबर येतं, पण तोंड उघडत नाही. शेजारची युक्रेनची बाई चुकीची क्रियापदं लावून धडाधड बोलते, तरी शिक्षिका तिच्यावरच खूश. एका रविवारी बाजारात भाजीवालीने पैसे सांगितले, मला कळले नाहीत. पुन्हा सांगितले, तरी नाही. शेवटी मी सगळी नाणी तळहातावर घेऊन हात पुढे केला आणि तिने त्यातली वेचून घेतली. मुलगा म्हणाला, ‘आई, मला विचारायचंस ना, मी सांगितलं असतं.’ तेव्हापासून मी बाजारात गेले नाही. माझ्यात आत्मविश्वासच उरलेला नाही.

सुट्टीत आईकडे आले आहे. इथे एक ताई भेटल्या, त्या ऑनलाइन फ्रेंच शिकवतात, मराठीतून समजावतात, सगळं कळतं. तिकडचा वर्ग सोडून हाच लावू का? नवरा म्हणतो, घरात आपण फ्रेंचच बोलू या, तुला सवय होईल. सासूबाई म्हणतात, चांगली नोकरी सोडून आता मुळाक्षरं गिरवत बसलीस. माझं वय ३८. होईल का माझ्याकडून?

नौपाड्याची लेक

---

तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मी तुला तूच म्हणते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तळहातापाशी अडले.

जिच्या तासाला वर्ग चिडीचूप व्हायचा, जी जांभळी नाक्यावर मेथीची जुडी उलटी करून आतली पानं बघून घेत असेल, तिने परक्या गावात पैशांचा हात पुढे केला आणि ‘घे बाई तुला हवे तेवढे’ असं न बोलता सांगितलं. तेही मुलासमोर. हे लागणारच. तू याला आत्मविश्वास नसणं म्हणतेस, मला तसं वाटत नाही. इथे तुझं एक वजन होतं. रस्त्यात जुने विद्यार्थी थांबून नमस्कार करायचे, शेजारच्या बायका मुलांच्या प्रगतिपुस्तकावर तुझं मत विचारायच्या. तिकडे त्यातलं कुणालाच काही माहीत नाही. ते गेलं त्याचं हे दुःख आहे, आणि दुःखात असलेल्या माणसाला कुणी ‘सराव वाढव’ असं सांगू नये. मीही फ्रान्समध्ये, ग्रेनोबलला, चार वर्षं राहिले आहे, १९८९ ते १९९३. तेव्हा पांचपाखाडीतल्या आईला दर आठवड्याला पत्र लिहायचे आणि त्यात सगळं छान चाललंय असंच लिहायचे. तू निदान खरं लिहिलंस.

उत्तरं आधी सांगून टाकते, कारणं मागून. तिकडचा वर्ग सोडू नकोस. घरात फ्रेंच आणू नका. आणि हो, तुझ्याकडून होईल, पण आत्ता ज्या रीतीने चाललंय त्या रीतीने होणार नाही.

त्या बाजारातल्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण तू गणिताची. समज, भाजीचे ६ युरो ९६ झाले. भाजीवाली म्हणणार, ‘सीझ उरो कात्र-व्हॅं-सेझ’. तुझ्या कानावर आधी ‘कात्र’ पडलं, म्हणजे चार. मग ‘व्हॅं’, म्हणजे वीस. मग ‘सेझ’, म्हणजे सोळा. तू चार, वीस, सोळा असे तीन आकडे धरून उभी राहिलीस आणि तिला म्हणायचं होतं चार गुणिले वीस अधिक सोळा. फ्रेंच माणूस हे गणित करत नाही, त्याच्या कानाला तो एकच शब्द आहे, जसा आपल्याला ‘शहाण्णव’. आपल्याकडेही खेड्यातली जुनी माणसं विसाच्या हिशेबाने मोजायची, वय विचारलं तर ‘तीन वीस आणि पाच’ म्हणायची. फ्रेंचांनी ती रीत सत्तरच्या पुढे ठेवली. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक फार जुनं रुग्णालय आहे, त्याचं नाव ‘कॅंझ-व्हॅं’, पंधरा वीस. तेराव्या शतकात नवव्या लुईने ते तीनशे अंधांसाठी उभारलं, म्हणून पंधरा गुणिले वीस. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ असे सुटसुटीत शब्द आहेत. तू नेमकी विसाच्या गावात जाऊन पडलीस. परक्या माणसाने मराठी शिकताना एकोणसत्तर आणि एकोणऐंशीपाशी किती वेळा रडावं, ते माझ्या ओळखीच्या एका फ्रेंच बाईंना विचार.

यावर उपाय वर्गात मिळत नाही, तो ठाण्यातच आहे. आईच्या घरून निघालीस की राम मारुती रोडवर येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांकडे बघ. एमएच ०४, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. ते चार आकडे दोन-दोनच्या जोडीने फ्रेंचमध्ये म्हण. ७१९३ दिसलं तर आधी एकाहत्तर, मग त्र्याण्णव. फ्रान्समध्ये फोन नंबर असाच जोड्या करून सांगतात, तेव्हा हा सराव दवाखान्यात नाव नोंदवतानाही कामी येईल. रिक्षा थांबत नाही, म्हणून विचार करायला वेळ मिळत नाही, आणि नेमकं तेच हवंय. रात्री नवाचा पाढा फ्रेंचमध्ये म्हण. बहात्तर, एक्क्याऐंशी आणि नव्वद, तिन्ही अडचणीचे आकडे एकाच पाढ्यात येतात. तिकडे गेल्यावर त्याच भाजीवालीकडे जा. तिच्या काट्यावर गिऱ्हाइकाच्या बाजूनेही आकडा दिसतो. ती बोलायच्या आत तो वाच आणि मोठ्याने म्हण. चुकलीस तर ती बरोबर सांगेल, कारण तिला पैसे बरोबर हवेत. यापेक्षा प्रामाणिक शिक्षिका मिळणार नाही.

आता वर्गाकडे येते. वहीत बरोबर आणि तोंडाला कुलूप, असं का होतं? तू फ्रेंच डोळ्यांनी शिकलीस. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ या तिन्हींत क्रियापदाचं लेखन वेगळं आणि उच्चार मात्र एकच, ‘पार्ल’. परीक्षेत तू ती तीन रूपं अचूक लिहिलीस आणि तुझे मार्क खरे होते. पण ऐकताना ते वेगळेपण नाहीसं होतं आणि तुझा मेंदू ते शोधत बसतो. आपल्याकडे आजीच्या पत्रात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असायचे, जे उच्चारात कधीच संपले होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी आपण ते काढून टाकले. फ्रेंचांनी त्यांची अशी मुकी झालेली अक्षरं जपून ठेवली आहेत, आणि शेकड्यांनी. म्हणून वही मिटून ऐकायला शिक. पाठ आधी दोनदा ऐक, मगच पान उघड.

त्यातून तुलूझची बोली वेगळी. माझ्याकडे फ्रेंच शिकून गेलेल्या दोन मुली तिथे आहेत, त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या बाईने तिला विचारलं, ‘उन पोश?’ पुस्तकात पोश म्हणजे खिसा. तिने घाबरून जॅकेटचे दोन्ही खिसे चाचपले, तिला वाटलं, आपण काही उचललं असा संशय आलाय. त्या भागात सामान नेण्याच्या पिशवीला पोश म्हणतात. चॉकलेट भरलेल्या पावाला पॅरिसला जे ‘पॅं-ओ-शोकोला’ म्हणतात, ते तुलूझच्या बेकरीत ‘शोकोलातीन’, आणि यावर तिथली माणसं अगदी पोटतिडकीने बोलतात. सकाळच्या पावाचा ‘पॅं’ तिथे ‘पॅंग’ असा ऐकू येतो. पुण्याचं मराठी शिकून कुणी थेट मालवणच्या बाजारात उतरलं तर जे होईल, ते तुझं झालंय. पुस्तकात नसलेला शब्द कळला नाही, यात तुझी चूक काय?

युक्रेनच्या बाईबद्दल तू थोडं रागाने लिहिलं आहेस. मी तिची बाजू घेते. तिला माहीत आहे की संभाषण चालू ठेवणं हेही एक काम आहे आणि ते तिला येतं. तुझ्या वर्गातून पुढे देल्फ नावाची परीक्षा देता येते. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला एकूण ५० लागतात, आणि एका जरी भागात ५ पेक्षा कमी पडले तरी सर्टिफिकेट नाही. तू वाचन आणि लेखनात पन्नासपैकी पन्नास मिळवलेस आणि बोलताना गप्प बसलीस, तर नापास होशील. शिक्षिका तिच्यावर खूश आहेत, त्या तिच्या क्रियापदांवर नव्हे. ती प्रश्न विचारते, समोरच्याचं कळलं नाही तर थांबवते, हातवारे करून का होईना मुद्दा पोचवते. परीक्षक याला गुण देतात आणि शेजारीपाजारीही.

ठाण्यातल्या ताई चांगल्या असणार. पण त्यांच्याकडे तुला एक दार कायम उघडं राहील, मराठीचं. अडलं की तू त्यातून बाहेर पडशील. मी पडले असते. युक्रेनची बाई आणि तू यांच्यात मात्र फ्रेंचशिवाय दुसरी भाषाच नाही, आणि तीही दोघींची मोडकी. अशी दोन माणसं एकमेकींची परीक्षा घेत नाहीत. वर्ग सुटल्यावर तिला कॉफीला घेऊन जा. आठवड्यातून एक तास, वही न नेता. तिच्या गावाबद्दल विचार, तुझ्या तलावपाळीबद्दल सांग. माझं ग्रेनोबलमधलं पहिलं खरं फ्रेंच बोलणं एका पोर्तुगीज बाईशी झालं, इमारतीच्या तळघरात कपडे वाळत घालताना. आम्ही दोघी जी भाषा बोलत होतो ती ऐकून कुठल्याही शिक्षकाने कपाळाला हात लावला असता. पण तिला तीन मुलगे आहेत, धाकटा नीट जेवत नाही आणि नवरा रात्रपाळीला जातो, एवढं सगळं मला कळलं होतं.

ताईंचा क्लास हवाच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा ठेव, व्याकरणाची शंका विचारण्यापुरता. थंडीत तिकडचे साडेतीन म्हणजे इकडचे रात्रीचे आठ, वेळ जमेल. त्याच्या जोरावर तुलूझचा वर्ग सोडायचा नाही.

वर्गात काय न्यायचं तेही सांगते. फ्रान्समधल्या अशा संस्था बहुतेक १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि तिथे शिकवणारी पुष्कळशी माणसं निवृत्त झालेली, सेवाभावाने येणारी असतात. त्यांना पुस्तकातला पुढचा धडा संपवायची घाई नसते. मुलाच्या शाळेची चिठ्ठी ने. बाजारात ऐकू आलेला आणि न कळलेला आवाज देवनागरीत जसा ऐकलास तसा लिहून ने आणि विचार, ‘हे काय होतं?’ माझी खात्री आहे, तुझ्या प्रश्नाने अर्धा वर्ग जागा होईल, कारण तो आवाज त्यांनीही ऐकलेला असेल.

इथे माझी एक आठवण सांगते, कारण त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्याच वर्गाने शिकवलं नव्हतं. मुलगी तीन वर्षांची, रात्रभर ताप. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. मी सकाळी शब्दकोश काढून वाक्य तयार केलं, ‘माझ्या मुलीला ताप आहे, मला औषध हवं आहे.’ रस्ताभर घोकलं. औषधाच्या दुकानात ते स्वच्छ म्हटलं, एकही चूक नाही. आणि मग त्या बाईंनी मला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘वुई’, म्हणजे हो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा ‘वुई’. मागे रांग होती. मी ‘मेर्सी’ म्हणून तशीच बाहेर पडले, हातात औषध नाही. त्या विचारत होत्या, मुलीचं वजन किती. लहान मुलांना तापाचं औषध वजनावर देतात. पिठाच्या गिरणीपासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांकडे वजन विचारणारी मी, आणि ‘पेझ’ हा शब्द मला ओळखता आला नाही. घरी येऊन मुलीच्या अंगावर ओल्या पट्ट्या ठेवत मी रडले. मग कळलं, मी माझं वाक्य पाठ केलं होतं, पण समोरचा उत्तर देईल याची तयारीच केली नव्हती.

दुपारी पुन्हा गेले. या वेळी वाक्य मोडकं होतं, पण दुकानातल्या बाई काय काय विचारतील ते कागदावर लिहून नेलं होतं, वय, वजन, ताप किती, कधीपासून. औषध मिळालं.

तेव्हापासून मी शिकवताना मुलांना आधी तीन वाक्यं देते. ‘पार्दों, प्लु लांत्मां, सिल वू प्ले’, म्हणजे माफ करा, जरा सावकाश. ‘वू पुव्हे लेक्रीर?’, लिहून दाखवाल का? आणि ‘से-ता-दीर?’, म्हणजे? या तिन्हींनी बोलणं तुटत नाही. नाणी पुढे करून उभं राहण्यापेक्षा ‘लिहून दाखवाल का’ म्हण. ती एखाद्या कागदावर ६,९६ लिहील. मधला स्वल्पविराम बघून दचकू नकोस, तिथे दशांशचिन्ह असंच लिहितात. आणि सगळ्याच्या आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, दवाखान्यात बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा. आपण चप्पल काढल्याशिवाय कुणाच्या घरात जात नाही, तसं ते बोंजूरशिवाय बोलायला सुरुवात करत नाहीत. अनेकदा माणसं तुटक वागली असं आपल्याला वाटतं, तेव्हा आपला बोंजूर राहिलेला असतो.

तू बाजारात जात नाहीस, तेव्हा भाजी आता नवराच आणत असणार, तेही मायेने. पण आता त्याला थांबव. सगळीकडे तूच बोल असं मी म्हणत नाही. प्रीफेक्चरचे, म्हणजे निवासी कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीचे कागद, बँक, घरभाड्याचा करार, तो बघू दे, तिथे चूक महाग पडते. तू तीन जागा घे, बेकरी, रविवारचा बाजार आणि शाळेचं फाटक. तिथे तो सोबत असला तरी बोलायचं नाही, चार पावलं लांब उभं राहायचं. दर रविवारी त्याच टपरीवर जा. सां-ओबॅंच्या चर्चभोवती भरतो तो बाजार असेल किंवा घराजवळचा, माणूस तेच हवं. चौथ्या-पाचव्या रविवारी ती तुला ओळखेल. सहाव्याला म्हणेल, आज उशीर केलास. मग बघ, जीभ किती हलकी होते. आपण घरच्या मंडईत तरी काय व्याकरणाने बोलतो? ओळखीने बोलतो.

मुलाबद्दल सगळ्यात काळजीने लिहिते आहे. तो म्हणाला, ‘मी सांगितलं असतं.’ त्याच्या मनात प्रेमच होतं. पण सात वर्षांच्या मुलाला आईचा दुभाषी करू नकोस. आज तो भाजीचे पैसे सांगेल, उद्या शाळेच्या बाई त्याच्याच तक्रारी त्याच्याच तोंडून तुला सांगतील. आणि तो हुशार, तू मंद, असं वाटून घेत असशील तर हा हिशेब कर. फ्रान्सच्या प्राथमिक शाळेत आठवड्याला २४ तास, वर्षाला ३६ आठवडे. म्हणजे वर्षात ८६४ तास. तुझे आठवड्याला ४, सुट्ट्या वगळून धर ३० आठवडे, म्हणजे १२०. त्याचं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतलं खेळणं-भांडणं तर धरलंच नाही. फ्रेंच सरकारने २०१९ मध्ये नव्याने आलेल्यांसाठी वर्गांचे टप्पे वाढवले, तेव्हा ते १००, २०० आणि ४०० तासांचे केले, लिहितावाचता न येणाऱ्यांना ६००, आणि हे सगळं फक्त पहिल्या पायरीसाठी, ज्याला ते ए-१ म्हणतात. तू १२० तासांत स्वतःला नापास करून मोकळी झालीस. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर तू त्याला करू दिलं असतंस का?

घरात फ्रेंच बोलण्याचा बेत मात्र सोडून द्या. तुझ्या मोडक्या फ्रेंचने मुलाचं फ्रेंच सुधारणार नाही, पण त्याचं मराठी जाईल. आणि रात्री जेवताना तो तुझ्या चुका काढेल, म्हणजे जिथे तू अजून आई आहेस त्या एका जागीही तू विद्यार्थीण होशील. तुलूझच्या मेट्रोत स्टेशनचं नाव दोनदा सांगतात हे तू ऐकलं असशील. दुसऱ्यांदा जे ऐकू येतं ते ऑक्सितान, त्या मुलखाची जुनी भाषा. एके काळी शाळेत ती बोललेल्या मुलांना शिक्षा व्हायची, मग आईबापांनी घरातही बोलणं सोडलं, आणि आता ती बोलणारी माणसं थोडी उरली आहेत. मुलाला त्या दोन आवाजांबद्दल सांग. मराठीत सांग. आजीशी फोनवर तो काय बोलेल, यासाठी घरात शिव्या-ओव्या, हट्ट, रुसवे सगळं मराठीतच चालू दे.

सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना तुझी नोकरी गेल्याचं वाईट वाटतंय आणि ते त्यांना असंच बोलता येतं. त्यांच्याजवळ बसून एकदा सांग की तुलाही तेच वाटतं.

आणि नोकरीचं म्हणशील तर सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात संस्थांचा मेळा भरतो, ‘फोरम दे-झासोसियासियों’. टेबलं मांडून सगळ्या संस्था बसतात, गाण्याच्या, ज्युडोच्या, विणकामाच्या. तिथे शाळा सुटल्यावर मुलांचा गृहपाठ करून घेणाऱ्या संस्था शोध. त्यांना गणित घेणारी माणसं हवी असतात. जाऊन सांग, मी बारा वर्षं गणित शिकवलं आहे. हे वाक्य आजपासून तयार कर, आणि ते पुढे काय विचारतील तेही. त्यांचा भागाकार बघून तुला मजा वाटेल. भाजक उजवीकडे लिहितात, भागाकार त्याच्या खाली. पहिल्या दिवशी तुला मांडणी उलटी वाटेल, दुसऱ्या दिवशी नाही. तिथली मुलं तुझं फ्रेंच दुरुस्त करतील, तू त्यांची उदाहरणं. एका टेबलावर दोघांनाही काहीतरी येत असेल. तुला हरवलेलं वजन परत मिळण्याची जागा मला तिथे दिसते, व्याकरणाच्या वर्गाच्याही आधी.

कागदांचं थोडक्यात. तुझ्याकडे कुठलं कार्ड आहे ते लिहिलेलं नाहीस. नवऱ्याच्या ‘टॅलेंट’ कार्डावर कुटुंबाचं कार्ड असेल, तर सरकारी भाषावर्गाचा करार तुला लागू नाही आणि कामाची परवानगी तुला आहे. पुढे दहा वर्षांचं निवासी कार्ड हवं असेल तर जानेवारी २०२६ पासून बी-१ पातळी लागते, म्हणजे ए-१, ए-२ नंतरची तिसरी पायरी, आणि नागरिकत्वाला त्यापुढची बी-२. घाई नाही. देल्फचं सर्टिफिकेट एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं, तेव्हा येत्या उन्हाळ्यात ए-२ देऊन टाक.

निघताना आईच्या हातच्या भाजणीच्या चकल्या घेऊन जा, डबाभर. पेढे नेऊ नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. वर्ग सुरू होईल त्या पहिल्या दिवशी डबा मधल्या टेबलावर ठेव. कुणीतरी विचारेल, हे काय, कसं करतात. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे, आधी भाजायचं, मग दळायचं. शब्द आईकडे बसून आत्ताच काढून ठेव, आणि ‘भाजणी’ला फ्रेंच शब्द शोधू नकोस, भाजणीच म्हण. युक्रेनची बाई दोन चकल्या जास्त उचलेल असं मला वाटतं. मग ती काय म्हणाली ते मला लिही.

मावशी